दुसरी पाळी

विल्सन मेश्रामचा नवा अल्बम
आम्ही ऐकला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात,
तांब्याची तार आणि वार्निशच्या वासात,
भैयालालचा मोबाइल, माझा पंधरा इंची स्पीकर.
बावीस वर्षांनी.
आठ गाणी. नाव 'दुसरी पाळी'.
पहिल्यांदा कोणी बोललं नाही.
दुसऱ्यांदा लावला तसं भांडण सुरू झालं.

"पट्टी उतरवली," इस्राईल म्हणाला.
"'दगडी कोळसा'त जिथं तो चढे,
तिथं आता गिटार चढून रायली
अन् हा खाली उभा, शिडी धरून."
"शिडी कोणी धरावं तं लागते ना बे,"
भैयालाल, आर्मेचरवरून मान न काढता.

यशोधरा सिस्टर बीपीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.
"सरकारी पगारावर लोकायचे श्वास मोजतो आमी.
तिसऱ्या गाण्यात एका ओळीत तीनदा घेतला.
पयले एकात निभत होतं."
मग जरा थांबून,
"पण तिसऱ्या श्वासानंतरचा शब्द
लय जपून ठेवला त्यानं. भरलेली गुंडी ठेवते तसा."

तेवढ्यात नन्नावरेचा सुगत, वय एकोणीस:
"खरं सांगू? जुना मले कधी आवडलाच नाही.
नुसता वरडे."
दुकान गप्प.
जणू कोणी चालू पंख्यात हात घातला.

मग मला ती रात्र सांगावी लागली, सुगतसाठी.
बल्लारपूर, मिलचं गेट, संपाचा चाळिसावा दिवस.
माइक मी सुतळीनं बांबूला बांधलेला.
तिसऱ्या गाण्यात लाइन गेली,
आणि तो तसाच गायला, बिनमाइकचा, वीस मिनिटं.
"दहा," इस्राईल म्हणाला.
"मागच्या साली तू पंधरा सांगितले होते."

आता प्रश्न मंडईचा.
दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार, रात्री नाटक ठरलेलं,
कंपनीला अॅडव्हान्स गेलेला.
नाटकाआधी तासभर विल्सनला द्यायचा?
"लोक खुर्च्या फेकन."
"आपल्या इथं लोक तट्ट्यावर बसतेत.
तट्टा कोण फेकते?"
जनरेटर माझा. डिझेल भैयालालचं.
ड्रम त्याची पोरगी वाजवते म्हणे,
नागपूरला बँकेत आहे, तिला सुट्टी भेटन का?
आणि एक तास उभं राहणं,
चौसष्टाव्या वर्षी, थंडीत, धानाच्या धुळीत.
"नाही झेपणार," इस्राईल.
"तुले झेपत नाही मनून?"
हे जरा लागलं त्याला. विडी विझवली, पेटवली.

सिस्टरनं मधेच फोन लावला.
नंबर कुठून आला, कोणी विचारलं नाही.
त्यानंच उचलला.
मागं कुकरची शिट्टी.
आम्ही पाच जण एकदम बोललो,
मग एकदम थांबलो.
पैशाचं त्यानं विचारलं नाही.
लोक किती येतील, तेही नाही.
"स्टेजले पायऱ्या किती हायेत?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.
तीस वर्षं स्टेज उभारतो मी.
म्हणालो, "सहा."
"कठडा?"
"करून घेऊ."
दुसरी शिट्टी.
"पायतो," म्हणाला, आणि ठेवला.

मग 'पायतो'चा अर्थ लावत बसलो, शटर अर्धं पडेपर्यंत.
भैयालाल म्हणे, मिलवाल्याचा पायतो म्हणजे हो.
इस्राईल म्हणे, याच पायतोवर
याच्या बहिणीचं लग्न सात वर्षं अडलं होतं.
सुगत तिसरं गाणं परत लावून बसलेला,
आवाज लहान करून, एकटाच.

रात्री गोडाऊनात गेलो टॉर्च घेऊन.
बल्ल्या, कनाती, फुटका भोंगा,
त्यामागं जिना, कोळ्याच्या जाळ्यात.
मोजल्या.
पाच निघाल्या.
चौथी हलते.